जलाशयाचा खोली-नकाशा

जलाशयाचा खोली-नकाशा म्हणजे तलाव, सरोवर किंवा धरणामागे साठलेल्या पाण्याच्या तळाचे चढउतार दाखवणारा नकाशा होय. जमिनीच्या नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडून समोच्च रेषा काढतात. त्याच रीतीने येथे समान खोलीची ठिकाणे जोडून समखोली रेषा काढलेल्या असतात. मासेमारी, गाळाचे मोजमाप, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलची जागा ठरवणे, नौकानयन आणि पाण्यात बुडालेल्यांचा शोध या कामांसाठी असे नकाशे वापरले जातात.

जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली, म्हणजेच जीपीएस, भ्रमणध्वनीत आल्यापासून मच्छीमाराला आपले स्थान थेट नकाशावर पाहता येऊ लागले आणि 'नकाशातील खोली प्रत्यक्षाशी किती जुळते?' हा प्रश्न व्यवहाराचा झाला. विसंगती आढळली की दोष बहुधा जीपीएसला दिला जातो. तथापि जीपीएस नावेचे स्थान सांगते, पाण्याची खोली सांगत नाही. महाराष्ट्रातील जलाशयांत पाण्याची पातळी वर्षभरात अनेक मीटरांनी खालीवर होते व तळही गाळाने किंवा उत्खननाने बदलत राहतो. या दोन कारणांनी पडणारा फरक जीपीएसच्या चुकीमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा सामान्यतः कितीतरी मोठा असतो.

खोली आणि तलांक

खोली ही दोन पातळ्यांतील वजाबाकी आहे: पाण्याच्या पृष्ठभागाची पातळी वजा तळाची पातळी. समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजलेल्या पातळीला जलसंपदा खात्याच्या भाषेत तलांक म्हणतात. तळाचा तलांक आज आणि सहा महिन्यांनी जवळपास तोच राहतो, खोली मात्र रोज बदलते. म्हणून ज्या नकाशावर तलांक दिलेले असतात तो टिकाऊ असतो. ज्यावर केवळ खोलीचे आकडे असतात, तो मोजणीच्या दिवसाची पातळी नोंदवलेली नसेल तर लवकरच निरुपयोगी होतो.

धरणाच्या संदर्भात आणखी काही संज्ञा लागतात. पावसाळ्याअखेर धरण भरते ती पूर्ण संचय पातळी. कालव्यात किंवा विमोचकातून पाणी सोडता येईल अशी सर्वांत खालची ती किमान पातळी. या दोहोंमधला साठा उपयुक्त साठा आणि त्याखालचा मृतसाठा. 'मृत' हा शब्द सिंचनाच्या हिशेबापुरता खरा आहे. उन्हाळ्यात जलाशयातील मासे तगून राहतात ते याच पाण्यात, त्यामुळे मच्छीमाराच्या दृष्टीने जलाशयाचा हा भाग सर्वांत जिवंत म्हणावा लागेल.

लोकव्यवहारात खोलीची मापे निराळी होती आणि काही प्रमाणात आजही आहेत. पाण्याची किंवा विहिरीची खोली 'परसा'ने सांगण्याची पद्धत विदर्भ-मराठवाड्यात जुनी आहे. एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीइतके अंतर. दोरी मोजताना दोन्ही हात पसरून होणारी 'वाव' वापरली जाई. दगड बांधलेली दोरी किंवा बांबू हीच खोली मोजण्याची साधने होती. या मोजणीत एका जागेची खोली फारशी चुकत नसे. चुकायची ती जागा. 'चिंचेच्या झाडासमोर, काठापासून वीस वल्ही' अशी नोंद चिंच असेपर्यंतच खरी.

इतिहास

गोड्या पाण्याच्या सरोवरांचे पद्धतशीर खोलीमापन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी स्कॉटलंडमधील ५६२ सरोवरांची मोजणी १८९७ ते १९०९ या काळात पूर्ण केली. तारेला वजन बांधून साठ हजारांहून अधिक ठिकाणी खोली घेण्यात आली व हे काम १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नावेचे स्थान मात्र वल्ह्यांचे फटके मोजून ठरवलेले असे.

आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी विकसित केले. १९४८ मध्ये जपानमधील फुरुनो बंधूंनी हेच तंत्र माशांचे थवे शोधण्यासाठी वापरात आणले. आज 'फिश फाइंडर' या नावाने मिळणारी यंत्रे त्याच घराण्यातील आहेत. जीपीएस प्रणाली १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. तथापि नागरी वापराच्या संकेतात अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली असल्याने स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० मध्ये ही मिसळ बंद झाली आणि साध्या यंत्राची अचूकता एकदम काही मीटरांवर आली. खोलीमापक व जीपीएस एकाच डब्यात बसवण्याला खरा अर्थ त्यानंतरच आला.

प्रतिध्वनीने खोली कशी ठरते

नावेखाली बसवलेला संवेदक ध्वनीचा स्पंद तळाकडे सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. वेळेला पाण्यातील ध्वनिवेगाने गुणून दोनने भागले की खोली मिळते. हा ध्वनिवेग तापमानाप्रमाणे बदलतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, तर ३० अंशांना सुमारे १५०९ मीटर असतो. यंत्रात सरसकट १५०० धरलेले असेल तर थंडीच्या दिवसांत खोली सव्वा टक्क्याने जास्त दिसते; २० मीटर पाण्यात हा फरक सुमारे २४ सेंटिमीटर होतो. समुद्रासाठी केलेली मांडणी तशीच ठेवून तलावात यंत्र वापरल्यास यात आणखी भर पडते.

ध्वनीचा झोत सरळ रेषेत न जाता शंकूसारखा पसरतो. २० अंशांच्या झोताने १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापले जाते. या वर्तुळात जो भाग संवेदकाच्या सर्वांत जवळ असेल त्याचा प्रतिध्वनी आधी येतो आणि तीच खोली नोंदली जाते. सपाट तळावर याने काही बिघडत नाही. उतारावर मात्र पाणी आहे त्यापेक्षा उथळ दिसते, अरुंद घळ भरून निघाल्यासारखी भासते आणि उभा कडा गोलसर होतो. पाणवनस्पतींचे दाट जाळे किंवा तळावरचा पातळ, पाणीदार गाळ यांनाही यंत्र कधी तळ समजते. काळ्या जमिनीवरून वाहून आलेल्या अशा मऊ गाळात उच्च वारंवारितेचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरून परततो, तर दोरीचा दगड त्यातून खाली जातो. दोन मोजण्यांत अर्धा हात फरक आला तर दोन्ही बरोबर असू शकतात.

संवेदक पाण्याखाली किती बुडालेला आहे हे अंतरही वाचनात मिळवावे लागते. साधी गोष्ट आहे, पण हौशी नकाशांत नेमकी हीच राहून जाते आणि सगळा नकाशा वीत-दोन वीत उथळ होतो.

जीपीएसची चूक खोलीत कशी उतरते

मोकळ्या आकाशाखाली भ्रमणध्वनीतील जीपीएस साधारण पाच मीटरांच्या आत स्थान दाखवते. जलाशयाच्या मध्यावर इमारती नसतात, झाडे नसतात, आकाश क्षितिजापर्यंत उघडे असते; म्हणजे हे साधन जेथे सर्वांत चांगले चालावे अशीच ती जागा आहे. इस्रो व भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनी विमानवाहतुकीसाठी उभारलेल्या 'गगन' प्रणालीचे सुधारणा-संकेत घेऊ शकणाऱ्या यंत्रात ही अचूकता आणखी वाढते. काठावरील ज्ञात स्थानी दुसरे यंत्र ठेवून केलेल्या तत्क्षण सुधारणेत चूक काही सेंटिमीटरांवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने कायमस्वरूपी संदर्भ स्थानकांचे जे जाळे उभारले आहे त्यामुळे हे दुसरे यंत्र प्रत्येक वेळी स्वतः नेण्याची गरज कमी झाली आहे.

स्थानाच्या चुकीमुळे खोली किती चुकेल, हे तळाच्या उतारावर अवलंबून असते. पन्नास मीटरला एक मीटर असा मंद उतार असेल तर पाच मीटरांची स्थानचूक खोलीत केवळ १० सेंटिमीटरांचा फरक पाडते. दहाला एक उतार असेल तर अर्धा मीटर. बुडालेल्या नदीपात्राच्या दरडीवर मात्र त्याच पाच मीटरांत तळ दोन पुरुष खाली गेलेला असू शकतो. पैठणजवळचा नाथसागर पसरट व उथळ आहे. तेथे साधे जीपीएस पुष्कळ होते. सह्याद्रीच्या अरुंद खोऱ्यात दूरवर पसरलेल्या कोयनेच्या शिवसागरात काठ उभे आहेत. तेथे त्याच यंत्राने केलेला नकाशा काठालगत विश्वासाचा राहत नाही.

जीपीएसशी संबंधित आणखी दोन चुका ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली चूक संदर्भप्रणालीची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरते. योग्य रूपांतर न करता जुन्या नकाशावर जीपीएसचे अंक टाकले तर बुलढाणा परिसरात स्थान शे-दीडशे मीटर सरकते. राष्ट्रीय नकाशा धोरण, २००५ नुसार काढलेल्या खुल्या मालिकेतील नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वरच असल्याने त्यांत ही अडचण नाही. दुसरी चूक वेळेची. खोलीचे वाचन व स्थानाचे वाचन यांत एक सेकंदाचे अंतर पडले आणि नाव ताशी ५ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर प्रत्येक खोली सुमारे १.४ मीटर मागेपुढे लागते. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला. नकाशावरील समखोली रेषा करवतीच्या दातांसारख्या दिसू लागल्या तर कारण बहुधा हेच असते.

जीपीएसने दाखवलेली उंची थेट तलांक म्हणून वापरू नये. ती लंबगोलापासूनची उंची असते व महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरांहून अधिक फरकाने वेगळी असते. शिवाय साध्या यंत्रात उभी अचूकता आडव्या अचूकतेपेक्षा नेहमीच कमी असते.

पाणीपातळी

खोली-नकाशांतील सर्वांत मोठी तफावत पाणीपातळीतून येते. युरोप-अमेरिकेतील अनेक नैसर्गिक सरोवरांची पातळी वर्षभरात मीटरभरही हलत नाही. तेथील मासेमारीच्या नकाशांवर खोलीचे आकडे निःशंकपणे छापलेले असतात, ते त्यामुळेच. तीच रीत दख्खनच्या धरणांना लागू केली की घोटाळा होतो. समजा, ऑक्टोबरात भरल्या धरणावर एका जागी १२ मीटर खोली नोंदली गेली आणि एप्रिलपर्यंत पातळी ७ मीटरांनी उतरली. नकाशा १२ म्हणतो, पाणी ५ मीटर असते. येथे जीपीएस पाच मीटर चुकले की पाच सेंटिमीटर, याला काही अर्थ उरत नाही.

या बाबतीत उजनीचे उदाहरण बोलके आहे. सुमारे ११७ टीएमसी एकूण साठ्यापैकी जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा असलेल्या या धरणाची टक्केवारी उन्हाळ्यात शून्याखाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. अशा वर्षी पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते आणि भरल्या धरणात ज्या जागेवरून होड्या जातात तेथे माणसे पायी फिरतात.

उपाय अवघड नाही. धरणावर पातळीची मोजपट्टी असते व मोठ्या आणि मध्यम प्रकल्पांची पातळी जलसंपदा विभाग नियमित नोंदवतो. तळाचा तलांक नकाशावर असेल तर त्या दिवशीच्या पातळीतून तो वजा करून कोणत्याही दिवसाची खोली काढता येते. शाळकरी मुलालाही येणारी ही वजाबाकी महागड्या यंत्राच्या पडद्यावर अनेकदा झालेली नसते.

वाऱ्याचाही थोडा परिणाम होतो. लांबट जलाशयात सतत एका दिशेने वारा वाहिला की पाणी त्या टोकाला किंचित चढते, आणि लाटांमुळे नाव खालीवर होऊन वाचने हलतात. छोट्या प्रकल्पांत पहाटेची मोजणी यासाठी बरी.

गाळ व उत्खनन

धरण बांधण्यापूर्वी बुडित क्षेत्राची मोजणी करून समोच्च नकाशा तयार केला जातो व त्यावरून कोणत्या पातळीला किती साठा राहील याचे कोष्टक बनते. हा नकाशा कोरड्या जमिनीवर केलेला असल्याने मूळ तळ दाखवण्याच्या बाबतीत पुढील कोणत्याही पाण्यातील मोजणीपेक्षा सरस असतो. मात्र तो धरणाच्या जन्माआधीचा तळ असतो. नंतर दरवर्षी गाळ येतो. तो सगळीकडे सारखा बसत नाही. नदी जलाशयाला जेथे मिळते तेथे जाड कण आधी खाली बसून उथळ पट्टा तयार होतो, बारीक कण जुन्या नदीपात्रातून भिंतीकडे सरकतात. परिणामी खोल डोह हळूहळू भरत जातात आणि उंचवटे तुलनेने तसेच राहतात.

जलाशयातील गाळाची मोजणी महाराष्ट्रात प्रामुख्याने नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) करते. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थाही हे काम करते. केंद्रीय जल आयोगाने देशभरातील अशा मोजण्यांचे संकलन प्रसिद्ध केले आहे. या मोजण्यांचा हेतू साठा किती घटला हे कळणे हा असतो. एकूण साठ्याचा आकडा बरोबर असूनही एखाद्या विशिष्ट जागेची खोली चुकीची असू शकते, कारण चुका बेरजेत एकमेकींना खोडतात. मच्छीमाराला बेरजेचे काम नसते, त्याला जागा हवी असते.

तळ खोलही होतो. महाराष्ट्र शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून २०१७ पासून तलावांतील गाळ काढून शेतात टाकला जाऊ लागला. बुलढाणा जिल्ह्यात याला आणखी एक जोड मिळाली: २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या सहभागाने 'सुजलाम् सुफलाम् बुलढाणा' हा उपक्रम हाती घेण्यात आला, तसेच महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम तलाव-नाल्यांतून घेण्याचा प्रयोग झाला. नंतर तो 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. जलसंधारणाच्या दृष्टीने हे काम स्वागतार्ह ठरले. नकाशाच्या दृष्टीने पाहता, जेथे उत्खनन झाले त्या तलावांचे जुने नकाशे एका उन्हाळ्यात कालबाह्य झाले. यंत्राने खोदलेले खड्डे उभ्या कडांचे असतात, आणि असे खड्डे शंकूच्या आकाराच्या झोताला नीट दिसत नाहीत हे वर आलेच आहे.

निरनिराळ्या नकाशांची तुलना

सर्वेक्षण-नकाशांची अचूकता मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचे एस-४४ हे मानक आधारभूत मानले जाते. ते समुद्रासाठी असले तरी तलावांनाही मापदंड म्हणून वापरता येते. त्याच्या 'पहिली श्रेणी-अ' नुसार १० मीटर खोलीवर उभी चूक ९५ टक्के वेळा सुमारे अर्ध्या मीटरच्या आत, तर आडवी चूक साडेपाच मीटरच्या आत हवी. 'विशेष श्रेणी'त हीच मर्यादा अनुक्रमे २६ सेंटिमीटर व दोन मीटर इतकी कडक आहे.

या मापाने पाहिल्यास काय दिसते? दहाला एक उताराच्या तळावर १० मीटर खोलीत साध्या जीपीएसने काम केले असे धरू. यंत्राची स्वतःची चूक १० सेंटिमीटर, ध्वनिवेगाची १२, पातळीच्या वाचनाची ५ आणि स्थानचुकीमुळे आलेली ५० सेंटिमीटर. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की एकत्रित चूक सुमारे ५३ सेंटिमीटर येते. त्यातील जवळजवळ सगळा वाटा स्थानाचा आहे. मंद उतारावर स्थानाचा वाटा १० सेंटिमीटरांवर येतो व एकत्रित चूक १९-२० सेंटिमीटर राहते. तात्पर्य, पातळीची दुरुस्ती काळजीपूर्वक केली तर साध्या साधनांनीही समाधानकारक नकाशा होतो, आणि ती केली नाही तर उत्तम साधनांनीही होत नाही.

वरील हिशेब जेथून नाव गेली त्या रेषेपुरता खरा आहे. दोन रेषांमधली जागा संगणक अंदाजाने भरतो. पन्नास मीटर अंतराच्या रेषा घेतल्यास एक चौरस किलोमीटरसाठी सुमारे २० किलोमीटर नाव चालवावी लागते. ताशी ५ किलोमीटरने हे चार तासांचे काम आहे. या मोजणीत रेषेवर दीड मीटरला एक वाचन मिळते आणि रेषेच्या बाजूला पन्नास मीटर काहीच मिळत नाही. नकाशावर मात्र सर्वत्र सारख्याच गुळगुळीत रेषा उमटतात. नकाशासोबत नावेचा मार्ग छापलेला नसेल तर कोणती रेष मोजलेली व कोणती कल्पिलेली, हे वाचकाला ओळखता येत नाही. बहुझोत खोलीमापकात एका फेरीत रुंद पट्टा मोजला जातो. पण तो महाग आहे व उथळ पाण्यात त्याचा पट्टाही आखडतो.

नॅव्हिऑनिक्स, सी-मॅप, गार्मिन यांसारख्या कंपन्या वापरकर्त्यांच्या फिश फाइंडरमधील नोंदी एकत्र करून खोली-नकाशे बनवतात किंवा वापरकर्त्याला स्वतःच्या पडद्यावर तो बनवू देतात. अनेक नावा त्याच जागेवरून गेल्या असतील तर असे नकाशे चांगले होतात. एकच नाव एकदाच गेली असेल, तर तिच्या सगळ्या चुका नकाशात कायम होतात.

उपग्रहचित्रांचा मार्ग वेगळा आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि ही चित्रे विनामूल्य मिळतात. पावसाळ्यानंतर जलाशय आटू लागला की प्रत्येक तारखेची पाण्याची कड ही त्या दिवशीच्या पातळीची समोच्च रेषाच असते. ऑक्टोबर ते मे अशा दहाबारा तारखांच्या कडा एकमेकींत बसवल्या की आटलेल्या भागाचा नकाशा तयार होतो. गाळाच्या मोजणीसाठी मेरीनेही सुदूर संवेदनाची ही पद्धत वापरली आहे. चिखल, पाणवनस्पती व गाळपेर पिके यांमुळे कड ओळखण्यात चूक होते. पाणी ज्या पातळीखाली कधी उतरलेच नाही, त्या भागाबद्दल ही पद्धत काहीही सांगू शकत नाही. गढूळ पाण्यातून तळ दिसत नसल्याने पाण्याच्या रंगावरून खोली काढण्याची स्वच्छ किनाऱ्यांवरील पद्धत येथे उपयोगी पडत नाही.

हिवरा आश्रम परिसर

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रमामुळे ज्ञात आहे. या परिसरातील कोराडी प्रकल्प पैनगंगेची उपनदी असलेल्या कोराडी नदीवर, तर पेनटाकळी प्रकल्प याच तालुक्यात खुद्द पैनगंगेवर आहे. जिल्ह्यातील मोठे प्रकल्प नळगंगा, पेनटाकळी व खडकपूर्णा (संत चोखामेळा सागर) हे तीन असून कोराडी मध्यम प्रकल्पांत मोडतो. शेजारच्या तालुक्यातील लोणार सरोवर जगप्रसिद्ध असले तरी ते खारे, अल्कधर्मी आणि अभयारण्याचा भाग असल्याने मासेमारीच्या नकाशांच्या संदर्भात त्याचा विचार होत नाही.

या भागाचा पाया दख्खनच्या काळ्या कातळाचा व त्यावर काळ्या मातीचा आहे. धरणांचे बुडित क्षेत्र प्रामुख्याने शेतजमिनीचे असते. त्यामुळे तळाची ठेवण डोंगरी जलाशयांसारखी नसते: मधून जुन्या नदीचे नागमोडी पात्र, त्याच्या दोन्ही अंगांना मंद उताराची शेते, शेतांचे बांध, गाडीवाट आणि विहिरी. शेतांच्या भागात साध्या भ्रमणध्वनीच्या जीपीएसने केलेला नकाशाही पुरेसा खरा उतरतो. अवघड आहे ते नदीचे पात्र, आणि मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाचेही तेच.

मात्र या परिसराला एक मोठी सोय आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीवर पिके घेतली जातात आणि बुडिताचा बराचसा भाग पायी फिरण्याजोगा होतो. जे पावसाळ्यात यंत्राने अंदाजायचे ते मे महिन्यात डोळ्यांनी पाहता येते. जीपीएस घेऊन पाण्याच्या कडेने चालत गेले की त्या दिवशीच्या पातळीची समोच्च रेषा मिळते. दरडी, खोडे, बांध व विहिरींची स्थाने स्वतंत्रपणे टिपता येतात. नावेवरून केलेल्या नकाशाची परीक्षा घेण्याचीही हीच उत्तम रीत आहे. भरल्या जलाशयात मोजलेल्या पन्नास-साठ बिंदूंचे तलांक उन्हाळ्यात लेव्हल यंत्राने तपासून फरकांची सरासरी काढली की नकाशा सरसकट उथळ वा खोल आहे का हे समजते, आणि फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले की त्याचा एकंदर भरवसा कळतो. पाणी असतानाच तपासायचे झाल्यास मूळ रेषांना काटकोनात दोनतीन आडव्या फेऱ्या घेऊन छेदबिंदूंवरील खोल्या ताडून पाहतात.

मासेमारीतील उपयोग

विदर्भातील जलाशयांत मासेमारी बहुतांशी सहकारी मच्छीमार संस्थांमार्फत होते. संस्था ठेक्याने जलाशय घेते, मत्स्यबीज किंवा बोटुकली सोडते आणि सभासद मासे पकडतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. मरळ काठाच्या उथळ, गवताळ पाण्यात सापडतो, तर वाम व शिंगाडा तळ धरून असतात. गिलनेट कोणत्या थरात सोडायचे हे यावरून ठरते. तीन मीटर उंचीचे जाळे तळालगत उभे करायचे, तर खोलीचा अंदाज मीटरभर चुकला तरी फारसे बिघडत नाही. तेच जाळे खोडावर किंवा बांधाच्या दगडांवर पडले तर फाटते, आणि फाटलेल्या जाळ्याची किंमत दिवसभराच्या मासळीत निघत नाही. म्हणून मच्छीमाराला समखोली रेषांच्या सूक्ष्म अचूकतेपेक्षा अडथळ्यांची अचूक जागा अधिक मोलाची असते. अशा टिपणासाठी पाच मीटरांत स्थान देणारा भ्रमणध्वनी पुरेसा आहे.

छोट्या जलाशयांत थर्माकोलचे तराफे व फुगवलेल्या ट्यूब यांवरूनच जाळी टाकली जातात. त्यांवर संवेदक पक्का बसवणे कठीण असते. तराफा कलला की झोत तिरका जातो आणि खोली वाढून दिसते. दोरी व दगडाने मोजणी आणि भ्रमणध्वनीवर स्थानाची नोंद, ही जोडी अशा ठिकाणी महाग यंत्रापेक्षा अधिक खात्रीची ठरते.

मोजणी करताना धरणाची भिंत, सांडवा व विमोचकाच्या मनोऱ्याजवळ नाव नेण्यास मनाई असते. नकाशे करण्याविषयीचे नियम केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बरेच सैल झाले असून भारतीय व्यक्ती व संस्थांना सामान्य नकाशांसाठी पूर्वपरवानगीची गरज राहिलेली नाही. जलाशयावर नाव चालवण्याची परवानगी मात्र संबंधित विभागाकडून घ्यावी लागते.

बुडालेल्या विहिरी

शेतजमिनीवरील जलाशयांत सर्वांत घातक जागा बुडालेल्या विहिरींच्या असतात. पाणी कमरेइतके उरले की माणसे त्यात उतरून जाळी ओढतात, जनावरे पाण्यावर येतात, मुले पोहतात. आणि कमरेइतक्या पाण्यात चालताना पुढचे पाऊल सात-आठ परस खोल विहिरीत पडू शकते. पाचसहा मीटर रुंदीची विहीर पन्नास मीटर अंतराच्या मोजणी-रेषांमध्ये सहज निसटते. उपग्रहाच्या चित्रात ती एका ठिपक्याएवढीही भरत नाही, आणि झोत तिच्या काठावरून परतल्यास खोलीमापकही तिला सपाट तळ म्हणून नोंदवतो. अचूकतेची सर्व मानके पूर्ण करणाऱ्या नकाशावरही ती नसू शकते. धरणापूर्वीच्या गावनकाशांत व भूसंपादनाच्या नोंदींत या विहिरी गट क्रमांकांसह दाखवलेल्या असतात, आणि ज्यांची शेते बुडाली त्या वयस्क शेतकऱ्यांना त्यांच्या जागा ठाऊक असतात. उन्हाळ्यात पाणी हटले की या दोन्हींच्या आधाराने विहिरी शोधून त्यांची स्थाने जीपीएसने टिपता येतात व पावसापूर्वी तेथे तरंगत्या खुणा बांधता येतात.